बाईंचा वाळूचा चेंडू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो शास्त्राच्या कपाटातला वाळूचा चेंडू. त्यामुळे इथे मैदान, गॅदरिंग, स्काउटचा कॅम्प यांतलं काही येणार नाही. येतील त्या आपल्या शास्त्राच्या बाई.

त्या वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, एक शास्त्रज्ञ पाहुणे आले होते. सूर्याची प्रतिमा दाखवायला त्यांनी ५ सेंटिमीटरचा चौकोनी आरसा आणला होता. अंगणातून बोळात कवडसा टाकला, पुठ्ठा ३ मीटरवर धरला, तर वर उमटला चौकोन! पाहुणे आरसाच हलवत राहिले. बाईंनी पुठ्ठा दोन मुलांच्या हाती दिला आणि बोळाच्या पार टोकाला, २० मीटरवर न्यायला लावला. जाता जाता चौकोनाचे कोपरे विरघळले आणि टोकाशी गरगरीत सूर्य दिसला. मग पाहुण्यांनी कारण उलगडलं. आरशाचा प्रत्येक ठिपका आपापला गोल सूर्य पाडतो, अंतराच्या साधारण १०८व्या भागाएवढा. ३ मीटरवर तो जेमतेम ३ सेंटिमीटर, आरशाहून लहान, म्हणून आकार आरशाचा दिसतो. २० मीटरवर तो साडेअठरा सेंटिमीटर, म्हणून आकार सूर्याचा. मांडणी बाईंची, कारण पाहुण्यांचं. शास्त्रज्ञाने शाळेत यावं ते असं, शिक्षकाच्या शेजारी उभं राहायला.

पुढे बाईंनी तो प्रयोग घोटून घोटून पक्का केला. प्लॅस्टिकचा चेंडू कापून त्यात कोरडी वाळू गच्च भरायची. अर्धवट भरली तर वाळू सरकते आणि चेंडू आपोआप फिरतो. वर छोटा आरसा चिकटवायचा, त्यावर १ सेंटिमीटर भोकाचा काळा कागद. चेंडू चुंबळीवर ठेवला की हवा तसा वळतो आणि तिथेच थांबतो. पुठ्ठा तिरपा धरला तर सूर्य लंबगोल होतो, आणि सव्वादोन मिनिटांच्या आत प्रतिमा स्वतःच्या रुंदीएवढी सरकते, म्हणून एक मूल चेंडूपाशीच बसवायचं. आरशात कुणीही डोकवायचं नाही. कवडशाच्या वाटेवर दोरी बांधायची. २० मीटरवर कडेपासून कडेपर्यंत साडेएकोणीस सेंटिमीटर भरतात. त्यातून भोकाचा १ वजा करायला मुलं हमखास विसरतात. उरले साडेअठरा. २० मीटरला त्याने भागलं की १०८, आणि सूर्याच्या १५ कोटी किलोमीटर अंतराला १०८ने भागलं की सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर. फूटपट्टीने मोजलेला!

आज संशोधन संस्थांतून कुणी शाळांकडे निघालं की मी त्यांना बाईंचेच नियम सांगतो. पंधरा दिवस आधी शिक्षकांना भेटा, कुठला धडा चालू आहे ते विचारा. पाठ्यपुस्तक चाळा, मुलांनी ‘परावर्तन’ वाचलेलं असतं आणि पाहुणे ‘रिफ्लेक्शन’ म्हणत राहतात, तिथेच अर्धा वर्ग सुटतो. ३५ मिनिटांच्या तासात एकच प्रश्न न्या. साहित्य गावातल्या दुकानात मिळणारं हवं आणि ते शाळेतच ठेवून या. ‘काही शंका?’ विचारलं की साठ मुलं गप्प बसतात. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, मग बघा. उत्तर येत नसेल तर तसं सांगा, आणि नंतर पत्राने नक्की कळवा.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना जयंत नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत; उत्तराखाली स्वाक्षरी मिळे. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण आधी मुलाला प्रश्न सुचावा लागतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदला विज्ञान दिनी ४५ मीटर व्यासाच्या महाकाय रेडिओ दुर्बिणींजवळ आसपासच्या शाळांतली मुलं स्वतःचे प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञ ते बघत फिरतात. तिथे विचारायचा मान मोठ्यांना आणि समजावून सांगायचा मान मुलांना. बाई असत्या तर त्यांना हे फार आवडलं असतं.

हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतो तो मोठा फ्लेक्स, शाल-श्रीफळ, तासभर स्लाइड आणि शेवटी फोटो. मुलांच्या हाती काहीच लागत नाही. पाहुणे पुन्हा त्या शाळेत येतही नाहीत. याचं मनापासून वाईट वाटतं.

आपला तो अंधारा बोळही आता राहिला नाही. मध्ये पार्टिशन आलं, दिवे आले. नवी इमारत होते आहे असं पत्रात वाचलं. कार्यकारिणीला एकच विनंती: प्रयोगशाळेची एक खिडकी मैदानाकडे ठेवा, तिला जाड काळा पडदा लावा आणि पडद्यात वीतभर फट सोडा. समोर २० मीटर मोकळी जागा हवी. चेंडूतली वाळू बदलायला मी येतो.