पोटरीतला गोळा आणि आत्याबाई

मंगळवार, पहाटेचे साडेतीन

झोपेतच डाव्या पोटरीत असा गोळा आला ना की ओरडलेच. हे दचकून उठले, पायाचा पंजा धरून माझ्याच दिशेला वळवला, दोनेक मिनिटांत सुटला पण झोप गेली ती गेलीच. लेकीचं अकरावीचं बायोचं पुस्तक टीपॉयवर पडलेलं, परवाच तिची स्नायूंच्या धड्याची उजळणी घेतली होती, मग चहा ठेवला आणि तेच पान परत काढलं.

इतकी वर्षं मला वाटायचं स्नायू म्हणजे रबर, आखडतो नि सैल पडतो. तसं नाहीये. आत मायोसिन नावाच्या प्रथिनाचे जाड तंतू, ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक, दोघांची लांबी आहे तेवढीच राहते, नुसते एकमेकांच्या आत सरकतात. हे 1954 मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन वेगळ्या जोड्यांनी नेचर ह्या विज्ञानाच्या मासिकाच्या एकाच अंकात छापलं आणि दोन्हीकडे एकेक हक्सली, आडनाव सेम, नातं काही नाही. (लेक म्हणे, आई हे एमसीक्यूला येत नाही, पुढे चल.)

मला आठवली माहेरची विहीर. पोहरा ओढताना एक हात दोर ओढतो, मग सोडून पुढचा धरतो, तेवढ्यात दुसऱ्याने धरून ठेवायचं. मायोसिनला असे हात, म्हणजे डोकी, एका जाड तंतूवर 300 च्या आसपास. नसेकडून ऑर्डर आली की स्नायूपेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडतं, ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे ॲक्टिनवरची जागा झाकून बसलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, ती जागा मोकळी होते, डोकं तिथे धरतं आणि मान वाकवून ओढतं. एका ओढीत साधारण 10 नॅनोमीटर, मिलिमीटरचा लाखावा भाग!

परवा लेकीला विचारलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, कुठे लागतं, ती म्हणाली ओढायला. मीपण तेच म्हटलं असतं. आज नीट वाचलं तर एटीपी येऊन चिकटला की मगच डोकं ॲक्टिनला सोडतं, आणि तो फुटला की पुढच्या ओढीसाठी परत ताणून तयार होतं. कॅल्शियम परत आत भरणारा पंपसुद्धा एटीपीवरच. धरलेलं डोकं तसंच चिकटून राहायला काही लागत नाही, सोडायला मात्र लागतं. माझ्या गोळ्याची गोष्ट वेगळी बरं का, तिथे नसच ऑर्डरवर ऑर्डर देत सुटलेली असते.

पण ते वाचलं आणि एकदम सासूबाई आठवल्या. पहाटे गेल्या, आत्याबाई आल्या आल्या म्हणाल्या, हातपाय सरळ करून घ्या गं, मग वळायचे नाहीत. मला इतका राग आला होता, अंग अजून गरम आहे आणि ह्यांना हे सुचतंय. आता कळतंय, श्वास थांबला की एटीपी नवा बनत नाही, होता तो संपतो, कॅल्शियम आत भरायलाही कोणी उरत नाही, मग डोकी धरतात ती धरूनच बसतात. जबडा, मान आधी, काही तासांत सुरू होतं, बाराएक तासांत सगळं अंग, आणि दीडदोन दिवसांनी प्रथिनंच तुटायला लागली की परत सैल.

सासूबाईंची उजवी मूठ मीच उघडली होती, लुगड्याचा पदर होता आत. अलगद सुटला.

चहा आटलाय. सकाळी लेकीला परत विचारते, एटीपी कुठे लागतं ते.