तिघींपैकी कोणी काय लिहिलं?

तुम्ही विचारलंत म्हणून. पोर्तुगीज साहित्यातल्या ‘तीन मारियां’बद्दल कुठेही बोलायला गेलं की हा प्रश्न हमखास येतो: ‘नोवाश कार्ताश पोर्तुगेझाश’, म्हणजे ‘नवी पोर्तुगीज पत्रं’, या पुस्तकातलं कोणतं पान कोणाचं? तीन लेखिकांनी मिळून ते लिहिलं, हुकूमशाहीत त्यावर बंदी आली आणि तिघींवर खटला चालला; पण कोणतं पान कोणाचं, ते तिघींनी सांगितलं नाही. मारिया वेल्यु द कोश्ता २०२० मध्ये गेल्या, मारिया इझाबेल बारेनु त्याआधी २०१६ मध्ये, आणि शेवटच्या मारिया तेरेझा ओर्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये. पोलिसांना त्यांनी ताकास तूर लागू दिला नाही, पुढे समीक्षकांनाही नाही. माझं मत असं की हे न सांगणं पुस्तकाच्या रचनेचाच भाग आहे आणि ते समजल्याशिवाय पुस्तक कळत नाही. पण त्यासाठी पोर्तुगालात पुस्तकावर बंदी नेमकी कशी यायची, ते आधी पाहावं लागतं.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव आपल्याकडे गोव्यामुळे ठाऊक आहे. त्याच्या राज्यात १९६१ पर्यंत गोव्यात साधी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. खुद्द पोर्तुगालात वर्तमानपत्रांची प्रुफं आधी सेन्सॉरकडे जायची आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा घेऊन परत यायची. तिथे ‘निळी पेन्सिल’ हा सेन्सॉरसाठीचा शब्दच झाला आहे. पुस्तकांचं मात्र वेगळं होतं. ती साधारणपणे आधी दाखवावी लागत नसत. छापा, दुकानात ठेवा, आणि मग पोलीस येऊन गठ्ठे उचलून नेणार. वाचायला हे सैल वाटतं, पण प्रकाशकाच्या गळ्याला फास यातच होता. कागद, छपाई, बांधणी, सगळा खर्च झाल्यावर जप्ती. दोनतीनदा असं झालं की प्रकाशक स्वतःच हस्तलिखितावर पेन्सिल चालवू लागतो आणि सरकारचं काम फुकटात होतं.

म्हणून या गोष्टीत चौथ्या बाईचं नाव घ्यायलाच हवं: कवयित्री नाताल्या कुर्रेय्या. ‘एश्तुदियुश कोर’ या प्रकाशनसंस्थेची साहित्यविषयक जबाबदारी त्यांच्याकडे होती. शृंगारिक आणि उपहासात्मक पोर्तुगीज कवितांचा संग्रह संपादित केल्याबद्दल त्यांना आधीच तीन वर्षांची, अंमलबजावणी स्थगित ठेवलेली, शिक्षा झालेली होती. म्हणजे डोक्यावर तलवार टांगलेली. तरी त्यांनी तिघींचं पुस्तक काटछाट न करता छापायचं ठरवलं, आणि एप्रिल १९७२ मध्ये ते आलं. तिघींच्या धैर्याबद्दल भरपूर लिहिलं जातं; हस्तलिखित जसंच्या तसं छापखान्यात पाठवणाऱ्या बाईबद्दल त्यामानाने फारच कमी.

आता लिहिण्याची पद्धत. तिघी तिशी नुकतीच ओलांडलेल्या आणि तिघींची स्वतंत्र पुस्तकं आधी आलेली. ओर्तांचा ‘मिन्या सेन्योरा द मीं’ हा कवितासंग्रह १९७१ मध्ये जप्त झाला होता. बाईने स्वतःच्या देहाबद्दल, स्वतःच्या तोंडून लिहिलं, एवढाच गुन्हा. त्यापायी त्यांना रस्त्यात गाठून मारहाणही झाली. एका बाईने लिहिलं तर एवढी खळबळ, मग तिघींनी मिळून लिहिलं तर काय होईल, असं वेल्यु द कोश्तांनी तेव्हा म्हटल्याचं ओर्ता सांगत. आठवड्यातून दोनदा भेटायचं ठरलं: एकदा चारचौघांत, दुपारच्या जेवणाला, एकदा संध्याकाळी घरात. लिहिलेलं आणायचं, वाचायचं, दुसरीने त्याला उत्तर द्यायचं. कोणी कागदावर नाव घालायचं नाही. पहिल्या पत्राखाली १ मार्च १९७१ ही तारीख आहे, शेवटच्याखाली त्याच वर्षातला २५ नोव्हेंबर. नऊ महिन्यांपेक्षाही कमी. या अवधीत सुमारे १२० मजकूर तयार झाले: पत्रं, कविता, निबंध, रोजनिशीतली पानं, कायद्याच्या भाषेची विडंबनं.

पत्रांचंच रूप का? १६६९ मध्ये पॅरिसात पाच प्रेमपत्रांचं एक छोटं पुस्तक फ्रेंचमध्ये निघालं. बेझा गावच्या मठातली मारियाना आल्कोफोरादु ही जोगीण आपल्याला सोडून गेलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याला लिहिते आहे, असा त्याचा बाज. मूळ पोर्तुगीज पत्रं कधीच सापडली नाहीत, आणि आज बहुतेक अभ्यासक ती गियराग या फ्रेंच गृहस्थाची करामत मानतात. म्हणजे ‘पोर्तुगीज स्त्रीचं हृदय’ म्हणून देशाने तीनशे वर्षं मिरवलेली चीज बहुधा एका परदेशी पुरुषाने लिहिलेली! तिघींनी नेमकी हीच जागा धरली. त्यांच्या पुस्तकात मारियाना लिहितेच, पण मारिया, आना, मारियाना अशा मिळत्याजुळत्या नावांच्या कितीतरी बायकाही लिहितात. कोणाचा नवरा आफ्रिकेतल्या लढाईवर, कोणाचा परदेशी मजुरीला, कोणाचा घरातच हात उगारणारा. मठाची भिंत पुढे सरकत सरकत स्वयंपाकघरापर्यंत येते.

सरकारला हे का झोंबलं, याबाबत सर्रास गल्लत होते. खटला ‘अश्लीलता आणि सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा’ या आरोपाखाली चालला, म्हणून पुस्तक फक्त शृंगाराबद्दल आहे असं लोक धरून चालतात. पानं उलटून पाहा. अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून पोर्तुगाल लढत होता. त्या युद्धाबद्दल छापून बोलणं जवळजवळ अशक्य असताना इथे सैनिकांची आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बायकांची पत्रं आहेत. घराचंही तेच. १९६७ च्या नागरी कायद्यात नवरा हा कुटुंबप्रमुख. १९६९ पर्यंत विवाहितेला त्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नव्हतं. आणि व्यभिचारात सापडलेल्या बायकोला जागीच मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा कोणती, तर सहा महिने त्या न्यायक्षेत्राबाहेर राहायचं! १८८६ च्या दंडसंहितेतलं हे ३७२ वं कलम १९७५ मध्ये रद्द झालं. देश, देव आणि कुटुंब या तीन खांबांवर उभ्या राजवटीत घरच्या मालकाबद्दल बोलणं म्हणजे वरच्या मालकाबद्दलच बोलणं होतं. राजकीय आरोप ठेवला असता तर तिघी राजकीय कैदी ठरल्या असत्या. नीतिमत्तेच्या आरोपाने त्यांना ‘वाईट चालीच्या’ ठरवायची सोय होती. मला तरी त्या आरोपामागचा हिशेब असाच दिसतो.

चौकशीत तिघींना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं: हा उतारा कोणाचा? हुकूमशाहीच्या तपासयंत्रणेला एक नाव लागतं. एक नाव मिळालं की बाकीच्यांना घाबरवून फोडता येतं. तिघींचं उत्तर एकच: तिघींचा. गप्प राहिल्याने खटला टळला नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. तो तिघींवरही झाला. टळलं ते इतकंच की एकीला बळीचा बकरा करून दोघींना समज देऊन सोडता आलं नाही. तेवढं पुरेसं ठरलं. दरम्यान पुस्तक फ्रान्समधल्या स्त्रीवाद्यांच्या हाती पोचलं. सिमोन द बोव्हुआर, मार्गरीत द्युरास, क्रिस्तियान रोशफोर यांनी आवाज उठवला, आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्त्रियांनी या खटल्यात तिघींच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. सुनावणी ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाली आणि लांबत गेली. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. ७ मेला न्यायाधीशांनी हे अश्लील नव्हे, ही कलाकृती आहे असं म्हणून तिघींना निर्दोष सोडलं. न्यायसंस्थेला बारा दिवसांत साहित्य कळू लागलं म्हणायचं.

पुढे तिघी एका वाटेने गेल्या नाहीत. ओर्ता आणि बारेनु स्त्रीमुक्ती चळवळीच्या उभारणीत उतरल्या, वेल्यु द कोश्तांनी त्यापासून अंतर ठेवलं.

हीच युक्ती सगळीकडे चालली असती असं मात्र नाही. ब्राझीलच्या लष्करी राजवटीत लिजिया फागुंडेस टेलेस यांनी ‘आस मेनीनास’ (१९७३) या कादंबरीत छळाचं वर्णन एका पात्राच्या तोंडी, हातातलं पत्रक वाचून दाखवण्याच्या निमित्ताने घातलं, आणि ते सुटलं. पुढे सेन्सॉरविरोधी निवेदन घेऊन जानेवारी १९७७ मध्ये ब्राझीलियाला गेलेल्या मोजक्या लेखकांत त्या होत्या. मोझांबिकमध्ये नोएमिया द सोझांच्या कविता हातोहात फिरल्या. पुस्तक निघायला २००१ उजाडलं.

वाचायला घेणार असाल तर कथानक शोधू नका. तिसऱ्या-चौथ्या मजकुरावर पुस्तक मिटलं जातं ते त्यामुळेच. आधी १६६९ ची पाच पत्रं वाचा, एका बैठकीत होतात. मग १९७५ चं हेलन लेन यांचं इंग्रजी भाषांतर घ्या. तारखांकडे लक्ष ठेवा: एका मजकुराला उत्तर कधी लगेच येतं, कधी बऱ्याच पानांनी. पोर्तुगीज येत असेल तर २०१० ची आना लुईझा आमाराल यांनी संपादित केलेली सटीप आवृत्ती. तिच्या टिपांमध्ये कायदे, संदर्भ आणि जुन्या कवितांचे पडसाद यांचा माग काढलेला आहे. मजकुरांवर मात्र तिथेही तिघींचंच नाव आहे.