तुम्ही विचारलंत म्हणून: अंगणात पीच कशाला?

भारतातून आमच्याकडे न्यू जर्सीला येणारी मंडळी अंगणातलं झाड पाहून हमखास विचारतात, "पीचसाठी एवढा खटाटोप कशाला? आम्ही खाल्ला तो तर नुसता पिठूळ होता." दुकानातल्या पीचबद्दल त्यांचं म्हणणं खरंच आहे. झाड लावलं ते त्याचसाठी.

आपण आंब्यावर वाढलेली माणसं. तयार झालेला कच्चा हापूस आढीत घातला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि फळ गोड होऊन बाहेर येतं. पीचमध्ये हा साठा जवळजवळ नसतोच. त्याची गोडी पानांकडून येते, तीही फळ झाडावर असेपर्यंतच. तोडल्यावर तो मऊ पडतो, वास सुटतो, पण गोडी होती तेवढीच राहते. लांबच्या प्रवासासाठी कडक असतानाच उतरवलेला पीच मग गोड होणार कुठून? त्यात शीतगृहाची भर. साधारण 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये बरेच दिवस राहिला की त्याचा गर बिघडतो आणि पिकताना रसाळ व्हायचा तो भुसभुशीत होतो. घरातला फ्रिजही बहुधा याच तापमानाचा असतो. म्हणून कडक पीच आणलात तर ओट्यावर, एकमेकांवर न रचता ठेवा. पिकल्यावर दोन दिवस फ्रिजमध्ये गेला तर बिघडत नाही.

आणि लालीला भुलू नका. लाल रंग उन्हाचा आणि जातीचा. देठाच्या खळगीत बघायचं: तिथला हिरवेपणा जाऊन पिवळा रंग आला असेल तरच फळ तयार. (पांढऱ्या गराच्या जातींत तिथे मलईसारखा रंग येतो.)

आमचं झाड रेडहेवन जातीचं. मिशिगनमधल्या साउथ हेवनला स्टॅन्ली जॉन्स्टन यांनी ही जात तयार केली आणि 1940 मध्ये ती बाजारात आली. एकच झाड असलं तरी फळ धरतं, दुसरं लागत नाही. गेल्या वर्षी फुटलेल्या फांदीवरच फळ येत असल्यामुळे हिवाळा सरताना छाटणी सढळ हाताने करावी लागते. मधला भाग मोकळा ठेवायचा, ऊन आतपर्यंत पोचलं पाहिजे. एप्रिलमध्ये गुलाबी फुलं उमलली की रात्रीच्या हवामानाकडे डोळे लागतात. उमललेली फुलं उणे 2 अंशांवर थोडीफार मरतात; उणे 4 पर्यंत पारा उतरला तर बहुतेक सगळा बहर जातो.

खरी कसोटी विरळणीची. मेअखेरीस फांदीवर सुपारीएवढी, लव असलेली हिरवी फळं दाटीने लगडतात. त्यांतली बहुतेक हातानं खुडून टाकायची आणि दोन फळांत वीतभर अंतर ठेवायचं. खाली हिरव्या फळांचा सडा पडतो आणि बघणाऱ्यांचा जीव कळवळतो. माझ्या सासूबाईंनी तर माझा हात धरला होता. पण सगळी ठेवली तर पानांनी केलेली साखर सगळ्यांत वाटली जाते, फळं लहान आणि फिकी राहतात, शिवाय भारानं फांदी मोडते. या एका कामात मी कधीच हात आखडता घेत नाही.

जुलै संपता संपता फळ तयार होतं. तळहातात धरून जरा वर उचललं की देठापासून सुटतं. ओढावं लागलं तर अजून वेळ आहे. अशा पीचची साल अंगठ्यानं सोलून निघते. आत पिवळा गर, कोयीभोवती लाल रेषा, आणि पहिल्याच घासाला रस कोपरापर्यंत येतो. तो मी अंगणातच वाकून खाते, बशी घेत नाही.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: "पुण्यात लावू का?" रेडहेवन तर नकोच. हिवाळ्यात 7 अंशांच्या खाली 800 तासांहून जास्त थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. पंजाबात होणारी शान-ए-पंजाब किंवा फ्लोरिडा प्रिन्ससारख्या जातींना थंडी बरीच कमी लागते, पण पुण्यात तेवढीही भरवशानं पडत नाही. मी तर सांगते, जूनमध्ये हिमाचलात सिरमौर जिल्ह्यातल्या राजगढला जा, किंवा नैनितालजवळ रामगढला. तिथे याला आडू म्हणतात. बागेतच मागा आणि तिथेच उभ्या उभ्या खा.