स्टारडस्टची चिप

नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून मी ती चिप, म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी लावायची गोल चकती, पुन्हा पाहिली. लास वेगासच्या स्टारडस्टची, एक डॉलरची. हा कॅसिनो १९५८ साली उघडला, २००६ मध्ये बंद झाला आणि मार्च २००७ मध्ये सुरुंग लावून पाडला. आता ती कुठेच वटत नाही, म्हणजे तिची किंमत आपणच ठरवायची.

इथेच फसगत होते. चिपा जमवायला लागलो त्या पहिल्या वर्षी एका विक्रेत्याने मला 'अतिदुर्मीळ' म्हणून अशीच चिप चौपट भावात दिली. कडा घासून गुळगुळीत झालेल्या, मधला कागदी शिक्का एका बाजूने उचललेला. मला काय कळत होतं! नुसती जुनी असून भागत नाही. अशा किती शिल्लक आहेत आणि कडा किती धारदार आहेत, यावर भाव ठरतो.

हे मला शिकवलं ते कोपरीच्या काकांनी. तेही विकतात, पण आधी भिंग हातात देतात. "दोष तू शोध, मग भाव बोलू." मागच्या रविवारी तलावपाळीवर भेटलो, तेव्हा त्यांच्याकडून घेतलेल्या चिपेच्या रकमेतून त्यांनी स्वतःच दोनशे रुपये परत केले. चिपेवरचा बारीक चरा त्यांना घरी गेल्यावर दिसला होता, मला दिसलाच नव्हता. अशा माणसाकडून घेतलेली वस्तू मी कधीच विकणार नाही.

पुढच्या रविवारी पहिल्या वर्षी फसून घेतलेली ती चिप घेऊन जातोय. काकांना नवख्यांना दाखवायला हवी आहे.