वाळे निघेनात तेव्हा कळलं

बारशाला सासूबाईंनी हौसेने लेकीच्या पायात वाळे घातले आणि रात्री काढायला गेले तर निघेनातच, साबण लावून काढले तर खाली खोल वळ. पावलं वरून फुगलेली, नखं वर वळलेली, जन्मापासून तशीच होती पण सगळे म्हणायचे गुटगुटीत आहे. एका डॉक्टरांनी लघवी वाढवायचं औषध दिलं, त्याचा या सुजेला उपयोग नसतो हे नंतर कळलं.

शेजारच्या काकी हळूच म्हणाल्या, "गो, ह्यो हत्तीपाय तर नाय मा?" मालवणात या शब्दाची भीती जुनी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, हत्तीरोग डासांतून येणाऱ्या जंतांमुळे होतो आणि पाय सुजायला वर्षं जातात, तान्ह्या बाळाला जन्मतःच तो नसतो. माझ्या लेकीच्या पायात लिम्फच्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी परत वाहून नेणाऱ्या, नळ्याच नीट काम करत नाहीत म्हणून पाणी साठतं. कोणी म्हणालं ग्रहणात काहीतरी चिरलं असशील, ते मला फार लागलं.

बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, डॉक्टरांनी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघितली, धरताच येईना, ही लिम्फच्या सुजेची खूण. लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन, हृदयाची सोनोग्राफी, शिरांचं डॉपलर, मुलगी म्हणून टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमध्ये एक एक्स क्रोमोसोम कमी असतो तो आजार) क्रोमोसोम, सगळं नॉर्मल. मग डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, तुमचे पाय दाखवा. हा माणूस लग्नाआधीपासून चपला एक नंबर मोठ्या घेतो, जेटीवर उभं राहून सुजतात असंच आम्ही धरून चाललेलो! एफएलटी४ जीनमध्ये दोष निघाला, मिलरॉय आजार, म्हणजे लिम्फच्या नळ्यांचा आनुवंशिक दोष, आईबापांत एकाला असला तर प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, "माझ्याच झिलाकडसून इला" एवढंच म्हणाल्या.

हे बरं होत नाही, सांभाळावं लागतं. सूज दाबून ठेवायला पट्टी बांधायची ती थेरपिस्टने शिकवली तशीच, आपल्या मनाने आवळायची नाही, बोटं गुलाबी आहेत ना ते सारखं बघायचं, निळसर दिसली की लगेच सोडायची. मालिशवाल्या आजींना रगडू नका म्हटलं तर आधी रागावल्या, आता अगदी हलक्या हाताने वरच्या दिशेने फिरवतात. पायात वाळे नाहीत, काळा दोरा पाळण्याला बांधलाय.

खरी काळजी पावसाळ्याची, आपल्याकडे चार महिने काही वाळत नाही, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की तिथूनच जंतू शिरतात, म्हणून आंघोळीनंतर एकेक बेचकं मऊ सुती कपड्याने टिपते. पाय लाल झाला, गरम लागला, ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, आम्ही आषाढात एकदा भर पावसात रात्री दोनला निघालोय.