तुम्ही विचारलंत म्हणून: क्लोरीन वॉटरचे जास्तीचे थेंब

मुलं विचारतात, पालक विचारतात, स्टाफरूममध्येही विचारतात: "मॅडम, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. या क्रमात वरचा खालच्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो. एवढं पाठ केलं की मार्क मिळतात. मग तुम्ही त्यात इतके तास का घालवता?"

क्रम चुकीचा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. मीही तो पाठ करूनच पास झाले.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला ओळखायला आयोडाइड, म्हणजे आयोडीनचा क्षार, आलं होतं. पाण्यात न मिसळता तळाशी बसणारं कार्बन टेट्राक्लोराइड घातलं, क्लोरीन वॉटर (क्लोरीन विरघळवलेलं पाणी) टाकून हलवलं, खालचा थर सुरेख जांभळा झाला. रंग अजून गडद व्हावा म्हणून मी आणखी क्लोरीन वॉटर टाकत गेले, तर तो फिकटला आणि शेवटी गेलाच. जे दिसलं ते मी जर्नलमध्ये लिहिलं: आधी जांभळा, नंतर रंगहीन. सरांनी 'नंतर रंगहीन' लाल पेनाने खोडलं. "टेस्ट ट्यूब नीट धुतली नव्हतीस," म्हणाले. ती मी दोनदा धुतली होती. सगळ्यांसमोर काही बोलता आलं नाही. ते अजून सलतं.

उत्तर एम.एस्सी.ला मिळालं. क्लोरीनचं प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ताकदीचं माप, +१.३६ व्होल्ट, आयोडीनचं +०.५४. म्हणून क्लोरीन आयोडाइडचा इलेक्ट्रॉन घेतो, आयोडीन सुटतं; तोच जांभळा रंग. पण आयोडेटपासून (आयोडीनला ऑक्सिजन जोडलेलं रूप) आयोडीनचं विभव +१.२० आहे, तेही १.३६ पेक्षा कमीच. म्हणजे क्लोरीन उरला असेल तर तो सुटलेल्या आयोडीनचंही ऑक्सिडीकरण करतो, म्हणजे त्याचेही इलेक्ट्रॉन काढून घेतो. एका आयोडीन रेणूमागे पाच क्लोरीन रेणू लागतात, आयोडिक आम्ल बनतं, ते रंगहीन. ब्रोमीनची गाडी ब्रोमेटपर्यंत, म्हणजे त्याच्या तशाच ऑक्सिजनवाल्या रूपापर्यंत, जात नाही, कारण तिथे सुमारे १.५ व्होल्ट लागतात.

तेव्हाच्या मला वाटलं होतं, क्रमच खोटा. आज मी तिला सांगते, क्रम खराच आहे, फक्त तो पहिल्या पायरीचा आहे. ती विचारते, मग हे पुस्तकात का नव्हतं? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

पालकांचंही खोटं नाही. नीटला दीड महिना उरलेल्या मुलाला आयोडेटचं काय करायचंय? म्हणून परीक्षेसाठी मी अजूनही हेच सांगते: थेंब थेंब टाका, जांभळा दिसला की थांबा. सांगते खरी, पण प्रत्येक वेळी जीभ अडखळते.