भुवईने चालणारा मोबाइल आणि मुडपलेली नळी

"मन्हा आंडोरले ती चिप बसाडता यी का?" चोपडा तालुक्यातल्या एका काकांनी विचारलं. मुलगा तिशीतला. मोटारसायकलवरून पडून मानेत सी-४ला, म्हणजे मानेच्या चौथ्या मणक्यापाशी मज्जारज्जूला, इजा झालेली. खांद्यांखाली काहीच हलत नाही.

काकांनी व्हिडिओत पाहिलेली, मेंदूचे निरोप वाचून संगणक-मोबाइल चालवू देणारी चिप खरी आहे. न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने ती जानेवारी २०२४मध्ये पहिल्या माणसाला बसवली: ६४ धागे, १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि उरलेल्यांसाठी सॉफ्टवेअर नव्याने जुळवावं लागलं. पण या मुलाचा चेहरा शाबूत आहे. भुवई उचलणं हाही मेंदूचाच निरोप, तोही कवटी न उघडता मिळणारा.

अँड्रॉइड १२पासून 'स्विच अ‍ॅक्सेस'ला, म्हणजे स्क्रीनला हात न लावता मोबाइल चालवायच्या सोयीला, कॅमेऱ्यातून हावभाव ओळखता येतात. उजवीकडे पाहिलं की चौकट पुढच्या बटणावर जाईल, भुवया उचलल्या की निवड होईल, असं लावलं. हावभावाचा कालावधी फार कमी ठेवला तर नुसतं दचकलं तरी निवड होते. फार वाढवला तर कपाळ दुखून येतं. दार पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो, म्हणून खाट फिरवली. कॅमेरा सतत चालू राहिल्याने मोबाइल तापतो, त्यात आपला मे महिना. कव्हर काढलं, चार्जरही.

जुळवणी छान बसली होती, आणि एकाएकी भलत्याच निवडी होऊ लागल्या. कपाळाला आठ्या, चेहरा लाल, घामाच्या धारा. घरच्यांना वाटलं ऊन. त्यांनी कूलर जवळ ओढला. पण "डोकं ठणकतंय," म्हणाला तो, आणि मी मोबाइल बाजूला केला.

टी-६ला (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर इजा असेल तर ही लक्षणं ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची, म्हणजे इजेखालच्या एखाद्या त्रासाने बीपी एकाएकी चढण्याची, धरायची. लघवी तुंबली की इजेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो, आणि त्या सैल करायचा मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. अशा रुग्णांचा वरचा बीपी एरवी ९० ते ११० असतो, म्हणून १४०सुद्धा धोक्याचाच. आधी ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, नाडी-पट्टा सैल करायचा, मग कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, पाहायचा. खाटेची पाठ उचलल्यावर नळी दांडीत अडकून मुडपली होती. सरळ करताच पिशवीत धार लागली. दर दोन मिनिटांनी बीपी पाहत राहिलो, तो उतरला. नळी मोकळी असूनही उतरला नसता, तर वाट न पाहता गाडी काढून दवाखाना गाठायचा. नळी ठीक असेल तर शौच साठलंय का, कुठे जखम आहे का, तेही बघावं लागतं.

नंतर भुवया पुन्हा बिनचूक चालल्या. मोबाइलचा स्टँड डाव्या बाजूला घेतला, लघवीची पिशवी उजवीकडेच राहिली. होमस्क्रीनवर पहिलंच बटण काकांच्या नंबरचं ठेवलं. ते केळीच्या बागेत असताना मुलाचं डोकं ठणकायला लागलं, तर चौकट पुढे पुढे सरकवत बसायला वेळ नसतो.